वाळू दाबाखाली नक्की किती बसते? प्रयोगशाळेतले आकडे आणि जमिनीखालचे आकडे जुळत नाहीत

मुरूम_माती (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

एन्नोरची प्रमाणित वाळू, ग्रेड दोन (१ मिमी ते ५०० मायक्रॉन), ६० मिमी व्यास आणि २० मिमी उंचीच्या रिंगमध्ये सैल भरून ओडोमीटरवर (आडवं पसरू न देता वाळू वरून दाबून ती किती बसते ते मोजणारं यंत्र) लावली आहे. सुरुवातीची सच्छिद्रता (एकूण आकारमानातला रिकाम्या जागेचा वाटा) ४३ टक्के. भार दर टप्प्याला दुप्पट करत ८०० किलोपास्कलपर्यंत नेला. एकूण उतार, म्हणजे वाळूची उंची घटली ती, अर्धा मिलिमीटर. म्हणजे सच्छिद्रता जेमतेम ४१.५ टक्क्यांवर आली.

पुस्तकं मात्र सांगतात की ४०-४२ टक्के सच्छिद्रतेने साचलेली स्वच्छ क्वार्ट्झ वाळू दोन-अडीच किलोमीटर खोल गाडली गेली की कणांमधली जागा २६ टक्क्यांच्या आसपास उरते. सिमेंटने (कणांना जोडणाऱ्या नैसर्गिक खनिजांनी) भरलेली जागाही रिकामीच धरली तरी. माझा दीड टक्का आणि हे सोळा टक्के यांचा मेळ कसा घालायचा?

दुसरं कोडं उलट्या बाजूचं आहे. अमेरिकेतला बेरिया वालुकाश्म ३८० मेगापास्कलपर्यंत चुरडत नाही म्हणतात. मग नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन वायुक्षेत्रात खडकाच्या सांगाड्यावरचा दाब तीसेक मेगापास्कलनेच वाढला असताना वरची जमीन तीस सेंटीमीटरहून जास्त कशी खचली?

चाचणीत काय बदलावं तेही सांगा. पुढचा नमुना कोकण किनाऱ्यावरच्या वाळूचा आहे.

गारगोटी

पहिल्या कोड्यात मोठा भाग नुसत्या खोलीचा आहे. रंध्रांतलं पाणी वरपर्यंत जोडलेलं असेल तर प्रभावी ताण (पाण्याचा दाब वजा जाता कणांच्या सांगाड्यावर येणारा ताण) मीटरमागे साधारण ११ किलोपास्कलने वाढतो. ८०० किलोपास्कल म्हणजे सत्तर-पंचाहत्तर मीटर खोली. तुम्ही वाळू पंचाहत्तर मीटरवर नेलीत आणि तुलना चोवीसशे मीटरशी करताय. तिथे प्रभावी ताण २६-२७ मेगापास्कल असतो, तुमच्या शेवटच्या टप्प्याच्या तेहतीस पट.

पण नुसता दाब वाढवला की झालं, असंही नाही. एकाच मापाचे गोल अगदी सैल, चौकटीत रचले तर सच्छिद्रता ४७.६ टक्के येते आणि सर्वांत घट्ट रचनेत २६ टक्के. ही घट्ट रचना आपोआप होत नाही. असे गोल एखाद्या भांड्यात ओतून कितीही हलवले तरी ते ३६ टक्क्यांच्या आसपास अडतात. कणांची मापं मिसळलेली असली तर अजून खाली जाता येतं, पण तुमची ग्रेड दोन वाळू जवळपास एकाच मापाची आहे. म्हणजे ३६ च्या खाली जायचं तर कण फुटले पाहिजेत, वाकले पाहिजेत किंवा स्पर्शाच्या जागी विरघळले पाहिजेत. नुसतं सरकून भागत नाही.

म्हणून तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्याच मोजाव्या लागतात. पहिली म्हणजे कणांची फेररचना: कण घसरतात, वळतात, पोकळीत पडतात. भार काढला तरी हा उतार परत येत नाही. दुसरी, स्पर्शबिंदूंची लवचीक दबणूक. भार वाढतो तसा दोन कणांमधला स्पर्श रुंदावतो, त्यामुळे वाळू दाबागणिक ताठ होत जाते. हा भाग भार काढताच परत येतो. तिसरी, कण फुटणं. आधी टोकं-कडा उडतात, मग आख्खा कण एका स्पर्शापासून समोरच्या स्पर्शापर्यंत चिरतो आणि त्याचा चुरा शेजारच्या पोकळीत शिरतो. तुमच्या ८०० किलोपास्कलमध्ये बहुतेक पहिली आणि थोडी दुसरी दिसते आहे. तिसरीचा पत्ताच नाही, कारण स्वच्छ क्वार्ट्झ वाळूत ती साधारण दहा मेगापास्कलच्या पुढे जोर धरते.

यात कणाचं माप फार महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक विसरतात. एका कणावर येणारं बल साधारण ताण गुणिले व्यासाचा वर्ग. २७ मेगापास्कलला १ मिमीच्या कणावर सरासरी २७ न्यूटन, तर ०.२ मिमीच्या कणावर फक्त १ न्यूटनच्या आसपास. शिवाय कण मोठा तितक्या त्यात जुन्या चिरा जास्त. म्हणून त्याच दाबाला भरड वाळू बारीक वाळूपेक्षा जास्त बसते. आणि हे झालं सरासरीचं. प्रत्यक्षात भार काही मोजक्या कणांच्या साखळ्यांमधून खाली उतरतो, त्या साखळीतल्या कणावर सरासरीच्या कित्येक पट बल येतं आणि तोच आधी फुटतो.

लोडफ्रेम

गारगोटींनी का ते सांगितलं, मी कसं ते सांगतो.

६० मिमी रिंगचं क्षेत्रफळ २८२७ चौ. मिमी. २७ मेगापास्कल हवेत तर ७६ किलोन्यूटन लागतील, म्हणजे पावणेआठ टन. तरफेच्या ओडोमीटरचं हे काम नाही. १०० किलोन्यूटनची लोड फ्रेम घ्या आणि रिंग नवी बनवून घ्या. नेहमीची रिंग पातळ असते. आडवा ताण उभ्याच्या निम्मा धरला तर १३ मेगापास्कल होतो, आणि ३ मिमी जाडीच्या भिंतीत त्याने १३० मेगापास्कलचा ओढा तयार होतो. पोलाद तुटणार नाही, पण रिंग फुगेल आणि ‘आडवी हालचाल शून्य’ ही चाचणीची अटच ढासळेल. भिंत १५ मिमी तरी ठेवा, आतून घासून गुळगुळीत.

भरण्याची पद्धत आधी ठरवा आणि मग बदलू नका. सैल नमुना हवा तर नरसाळ्याचं तोंड वाळूला टेकवून हळूहळू वर उचलत न्यायचं. घट्ट हवा तर ठरावीक उंचीवरून चाळणीतून वाळूचा पाऊस पाडायचा. भरल्यावर टेबलाला धक्का लागला तर नमुना फेकून पुन्हा भरायचा. ४३ टक्क्यांना या रिंगमध्ये ८५ ग्रॅमच्या आसपास वाळू बसते. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत घ्या, पण खरी अडचण उंचीची आहे. २० मिमीत ०.२ मिमी चूक झाली तर सच्छिद्रता अर्ध्या टक्क्याहून जास्त चुकते, आणि तुमचा एकूण बदलच दीड टक्का आहे! झाकण ठेवल्यावर उंची चार जागी मोजा.

त्यानंतर यंत्राची स्वतःची दबणूक. वाळूच्या जागी पोलादी चकती ठेवून तोच भारक्रम चालवा. सच्छिद्र दगड, बॉल-सीट, फ्रेमचे खांब सगळे थोडे-थोडे दबतात. ७६ किलोन्यूटनला ही बेरीज मिलिमीटरच्या दशांशात जाते. ती प्रत्येक टप्प्यातून वजा केल्याशिवाय आलेख काढूच नका.

भिंतीचं घर्षण हा सर्वांत दुर्लक्षित चोर आहे. घर्षणांक ०.२ आणि आडव्या-उभ्या ताणाचं गुणोत्तर ०.४५ धरलं तर २० मिमी उंचीच्या नमुन्यात तळाला ११ टक्के भार कमी पोहोचतो. कुणी ‘जास्त वाळू, जास्त अचूक’ म्हणून उंची ६० मिमी केली, की ही तूट ३० टक्क्यांवर जाते. भिंतीला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि जमलं तर तळाशी दुसरा लोडसेल (भार मोजणारं उपकरण) बसवा. वरच्या आणि खालच्या वाचनाची सरासरी घ्या.

भारक्रम: ०.१, ०.२, ०.४, ०.८, १.६, ३.२, ६.४, १२.८, २५.६ मेगापास्कल. प्रत्येक टप्पा ठरावीक वेळ धरा, तासभर चालेल. वाळूतून पाणी लगेच निघून जातं, पण कण फुटणं लगेच थांबत नाही, म्हणून वेळ सगळीकडे सारखाच हवा. ६.४ ला आणि शेवटी भार उतरवून परत चढवा, तरच लवचीक भाग वेगळा दिसेल. आलेख रंध्र-गुणोत्तर (रिकामी जागा भागिले कणांचं आकारमान) विरुद्ध ताणाचा लॉग असा काढा. जिथे तो झपकन खाली वळतो, तिथे फुटणं मोठ्या प्रमाणावर सुरू झालं.

आणि शेवटी पुन्हा चाळा. ग्रेड दोनमध्ये ५०० मायक्रॉनखालचं मूळचं जवळपास काही नसतं, त्यामुळे चाचणीनंतर त्या चाळणीखाली पडेल तो चुरा तुमच्या दाबाने तयार झालेला. एक नमुना भार न देता भरून, काढून, चाळून ठेवा. हाताळणीत जो चुरा होतो तो त्यातून कळतो.

चाळणी_७५

कोकणची वाळू लावण्याआधी दोन गोष्टी कराच.

एक, विशिष्ट गुरुत्व २.६५ धरू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर काळ्या इल्मेनाइटचे थर आहेत (त्याचं गुरुत्व ४.७ च्या आसपास) आणि शिंपल्यांचा चुराही. कोरडी घनता १.६ असेल तर २.६५ धरून सच्छिद्रता ३९.६ येते, २.९ धरून ४४.८. पाच टक्क्यांचा फरक नुसत्या गृहीतकातून! पिक्नोमीटरने (गुरुत्व मोजायच्या बाटलीने) मोजा.

दोन, वाळू धुऊन, १०५ अंशांना वाळवून, तोलून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. फसफसणं थांबलं की परत धुऊन वाळवून वजन करा. जे कमी झालं ते शिंपले. शिंपल्याचे तुकडे पातळ, वाकडे, आतून पोकळ. सुरुवातीची सच्छिद्रता चांगली वाटते आणि एखाद्या मेगापास्कललाच चुरा व्हायला लागतो. ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातल्या नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मच्या पाइल (पायासाठी ठोकलेले खांब) ऐंशीच्या दशकात अशाच चुनामय वाळूत जवळपास विनाअडथळा खाली गेल्या होत्या. ठोकताना भोवतीचे कण चुरडतात, वाळू आक्रसते आणि पाइलला धरून ठेवणारा आडवा दाबच उरत नाही.

क्रश सँड वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: बसाल्टचे टोकदार कण सैल भरले जातात, आणि टोकं लवकर उडत असल्याने नदीच्या गोल वाळूपेक्षा सुरुवातीचा उतार जास्त दाखवतात.

प्लिंथवाला

साइटवरच्यांसाठी थोडंसं. वाळूच्या भरावावर नुसता जड बोजा ठेवून ती बसत नाही, हे वरच्या दीड टक्क्यावरून दिसतंच आहे. तिला हलवावं लागतं. प्लेट व्हायब्रेटर घ्या, १५ ते २० सेंटीमीटरचे थर करा. धुम्मस वाळूला फारसा उपयोगी नाही, आजूबाजूची वाळू उचकटते. ओलसर वाळू तर सर्वांत वाईट: पाच टक्क्यांच्या आसपास ओलाव्याला कणांमधली पाण्याची पापुद्री त्यांना दूर धरते आणि वाळू फुगलेली राहते. एकतर पूर्ण कोरडी किंवा भरपूर पाणी सोडून, आणि ते पाणी खालून निघून जाईल याची सोय करून.

खोलविहीर

दुसऱ्या कोड्याकडे येतो.

३८० मेगापास्कल हा आकडा कोणत्या चाचणीचा आहे ते आधी पाहा. सगळ्या बाजूंनी सारखा दाब वाढवत नेला आणि रंध्रदाब स्थिर ठेवला की एका ठरावीक दाबाला कण एकदम चुरडायला लागतात, सच्छिद्रता कोसळते आणि खडकातून तडतडण्याचे ध्वनिसंकेत एकदम वाढतात. या दाबाला पी-स्टार म्हणतात. बेरियाची सच्छिद्रता २१ टक्के, कणांची त्रिज्या ०.१३ मिमी, पी-स्टार ३८० मेगापास्कल. बॉइज वालुकाश्माची सच्छिद्रता ३५ टक्के, त्रिज्या ०.४६ मिमी, पी-स्टार फक्त ७५. झांग, वाँग आणि डेव्हिस यांनी १९९० मध्ये याचा नियम मांडला: पी-स्टार हा सच्छिद्रता गुणिले त्रिज्या या गुणाकाराच्या उणे दीड घाताने बदलतो.

नियम सुंदर आहे, पण डिझाइनला वापरू नका. याच दोन खडकांवर लावून बघा. गुणाकारांचं प्रमाण ५.९ पट, त्याचा दीड घात १४ पट. प्रत्यक्ष फरक पाच पटच. सिमेंट किती, कशाचं, फेल्डस्पार हे खनिज किती, कणांची मापं किती मिसळलेली, यातलं काहीच त्या सूत्रात नाही. शिवाय जमिनीखाली ताण सगळ्या बाजूंनी सारखा नसतो. उभा आणि आडवा ताण वेगळा पडला की चुरडणं पी-स्टारच्या बऱ्याच आधी सुरू होतं. पाण्याने भिजलेला खडक कोरड्यापेक्षा लवकर नमतो, कारण चिरेच्या टोकाशी पाणी सिलिकाचे बंध कमकुवत करतं. म्हणून कोरड्या नमुन्याचा आकडा भूगर्भाला लावणं ही सरळ चूक आहे.

आता ग्रोनिंगन. तिथला स्लोख्टरेन वालुकाश्म सुमारे तीन किलोमीटर खोल आहे. १९५९ मध्ये वायू सापडला, १९६३ पासून उत्पादन. मूळ रंध्रदाब सुमारे ३५ मेगापास्कल, तो वायू काढत काढत दहाच्या खाली आला. वरच्या खडकाचा भार तोच, ६५ मेगापास्कलच्या आसपास. रंध्रांतला वायू जो वाटा उचलत होता तो कणांवर आला. प्रभावी ताण ३० वरून सत्तावन्नच्या आसपास.

हिशेब करा. जाडी २०० मीटर, दाबघट २७ मेगापास्कल, एका दिशेतली संपीड्यता (दाबागणिक किती दबतो ते) मेगापास्कलमागे ०.००००७. गुणाकार ०.३८ मीटर. विकृती (मूळ जाडीच्या तुलनेत दबणूक) फक्त ०.१९ टक्के! १८ टक्के सच्छिद्रता असेल तर ती १७.८४ झाली, बस्स. यात कुठेही पी-स्टार ओलांडावा लागला नाही. विकृती नगण्य आहे, पण ती दोनशे मीटर जाडीवर साठली. क्षेत्र खोलीच्या कित्येक पट रुंद असल्याने ती जवळपास सगळी वर जमिनीपर्यंत पोहोचली.

हाच ०.१९ टक्का प्रयोगशाळेत ७६ मिमीच्या प्लगवर (खडकातून कापलेल्या छोट्या दंडगोलावर) ०.१४ मिमी होतो. लोडफ्रेम यांनी पोलादी चकतीची जी चाचणी सांगितली, तिच्याशिवाय हा आकडा यंत्राच्या दबणुकीत बुडून जाईल.

आणि हे सगळं लवचीक नसतं. या खडकावर उट्रेख्ट विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत एवढ्या लहान विकृतीतलाही मोठा हिस्सा कायमचा निघाला, कणांच्या स्पर्शात अडकलेले मातीचे पातळ पापुद्रे दबल्या-सरकल्यामुळे. म्हणून दाब परत वाढवला तरी जमीन पूर्ण वर येत नाही. थर जुन्या प्रस्तरभंगांच्या दोन बाजूंना वेगवेगळा बसला आणि त्यातून भूकंप झाले. १६ ऑगस्ट २०१२ चा हुइझिंगे गावाजवळचा ३.६ रिश्टरचा सर्वांत मोठा. १ ऑक्टोबर २०२३ ला तिथलं नियमित उत्पादन थांबलं.

सुट्या वाळूत काय होतं ते कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या विल्मिंग्टन तेलक्षेत्रात दिसलं: बंदराची जमीन जवळजवळ नऊ मीटर खचली. १९५८ पासून मोठ्या प्रमाणावर पाणी भरायला लागल्यावर खचणं आटोक्यात आलं, वर आली ती अगदी थोडी. फेररचना आणि फुटणं परत फिरत नाही, याचं याहून मोठं उदाहरण नाही.

लोडफ्रेम

खोलविहीर यांच्या ०.००००७ बद्दल सावधगिरीचा मुद्दा. हा आकडा प्लगवरून काढताना पहिल्या भारचक्राचा घ्यायचा की दुसऱ्या, यावर निकाल बदलतो. कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा नमुना) वर आणताना ताण सुटतो, सिमेंटमध्ये बारीक चिरा पडतात, आणि पहिल्या चक्रात त्या चिरा मिटण्याचाही उतार मोजला जातो. पहिलं चक्र खडक आहे त्याहून मऊ दाखवतं. दुसरं उलट: कायमचा भाग पहिल्यातच होऊन गेलेला असतो, म्हणून खडक ताठ दिसतो. माझं मत, आधी मूळ प्रभावी ताणापर्यंत हळूहळू न्या, तिथे विकृती स्थिरावू द्या आणि त्यापुढचा पहिलाच चढ मोजा. आणि गोडं पाणी वापरू नका. मातीचे पापुद्रे फुगतात किंवा सुटून रंध्रांची तोंडं बंद करतात. थरातल्या पाण्याएवढ्या क्षारांचं पाणी निर्वातात भरा.

पातळकाप

मूळ प्रश्नातल्या २६ टक्क्यांबद्दल राहिलंय. चाचणी तासांची असते, खडकाला लाखो वर्षं मिळतात. तेवढ्या काळात चिरा हळूहळू वाढतात आणि कण वळत राहतात, त्यामुळे त्याच ताणाला निसर्गातली वाळू प्रयोगशाळेपेक्षा काही टक्के जास्त बसलेली असते. २७ मेगापास्कलला तुमच्या रिंगमध्ये २६ आले नाहीत म्हणून चाचणी चुकली समजू नका. ७०-८० अंश तापमानाच्या पुढे क्वार्ट्झ सिमेंट वाढायला लागतं, सांगाडा बांधला जातो आणि दाबाने बसणं जवळपास थांबतं.

चंद्रपूर-नागपूरकडचा कामठी किंवा बराकर वालुकाश्म हाती असेल तर दाबाने किती जागा गेली आणि सिमेंटने किती, हे पातळ कापावरून काढता येतं. रंध्रांत निळं रेझिन भरलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली घ्या, किमान ३०० बिंदूंवर कण, सिमेंट की रिकामी जागा ते मोजा. समजा कणांमधली जागा २८ टक्के भरली, त्यात १२ सिमेंट आणि १६ रिकामी. सुरुवात ४२ धरली तर दाबाने गेलेली जागा: ४२ वजा (५८ गुणिले २८ भागिले ७२), म्हणजे १९.४. सिमेंटने गेलेली: उरलेले २२.६ गुणिले १२ भागिले २८, म्हणजे ९.७. दोन्ही आकडे मूळ आकारमानाच्या टक्क्यांत आहेत. थेट ४२ मधून २८ वजा करून १४ लिहिणं चूक, कारण खडकाचं एकूण आकारमानच आक्रसलेलं आहे.

चुका दोन जागी होतात. बराकरमध्ये फेल्डस्पार भरपूर, तो विरघळून कणाच्या आत पोकळी होते. ती कणांमधल्या जागेत धरू नका. आणि मऊ कण, शेल किंवा अभ्रकाचे तुकडे, क्वार्ट्झच्या मध्ये पिळून इतके पसरतात की मूळचा चिखलच वाटतो. त्याला चिखल म्हणून मोजलंत तर दाबाचा हिशेब कमी येईल. तुकड्याच्या कडा शेजारच्या कणाच्या आकाराप्रमाणे वळल्या आहेत का ते बघा.

मुरूम_माती

सर्वांचे आभार, बरंच मोकळं झालं. १५ मिमी भिंतीची रिंग करून घेतोय. एकच शंका: कण फुटायला लागल्यावर चुरा पिस्टन आणि रिंगच्या फटीत शिरून पिस्टन अडकणार नाही का?

लोडफ्रेम

अडकतो, आणि तो अडकला की लोडसेलवरचा भार वाळूपर्यंत पोहोचतच नाही, तुम्हाला मात्र वाळू फार ताठ असल्याचं दिसतं. पिस्टनची फट सर्व बाजूंनी ०.०५ मिमीच्या आसपास ठेवा आणि वाळू व पिस्टन यांच्यामध्ये रिंगच्या व्यासाला तंतोतंत बसणारी पातळ टेफ्लॉनची चकती घाला. दाबाखाली ती कडेला पसरून फट बंद करते. नमुना पाण्याने भरलेला असेल तर पाणी तळाच्या सच्छिद्र दगडातून काढा, वरून नको. आणि पोलादी चकतीच्या चाचणीतही हीच टेफ्लॉन चकती असू द्या, नाहीतर तिचं दबणं वाळूच्या खात्यात जाईल.